सीडींचा संग्रह संगणकावर नेताना: रागसंगीताच्या नोंदी कशा ठेवाव्यात?

रामबागकर (इंदूर)

इंदूरमधल्या अनेक मराठी घरांप्रमाणे आमच्याकडेही १९९० नंतरच्या वीसेक वर्षांत सीडी साठत गेल्या आणि आज त्या सातशेच्या आसपास आहेत. त्यांत मोठा वाटा ख्यालगायनाचा आहे. थोडे वादन, थोडे नाट्यसंगीत आणि भजनेही आहेत. सीडी प्लेअरची लेझर कमजोर झाली असून तिचा सुटा भाग जेल रोडच्या दुकानांत विचारूनही मिळाला नाही. म्हणून संपूर्ण संग्रह संगणकावर घेऊन तिथूनच जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकण्याची व्यवस्था मी सुरू केली आहे. सीडीवरचा आवाज संगणकावर कसा उतरवावा याबद्दल भरपूर लिहिलेले सापडते, पण ते बहुतेक सगळे पाश्चात्त्य संगीत डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते. आपल्या संगीताच्या बाबतीत खरे काम आवाज उतरवून झाल्यानंतर सुरू होते, असे माझे मत बनले आहे आणि त्यावर जाणकारांशी चर्चा व्हावी, यासाठी हा धागा काढत आहे.

आवाजाचा भाग आधी थोडक्यात सांगतो. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन वाहिन्या, अशी मांडणी असते. ७४ मिनिटांच्या सीडीत याचे सुमारे ७८० एमबी होतात. फ्लॅक या प्रकारात तोच आवाज एकही बिट न गमावता साधारण निम्म्या किंवा साठ टक्के जागेत मावतो. हा प्रकार २००१ पासून सर्वांसाठी खुला आहे आणि प्रत्येक फायलीच्या आत मूळ आवाजाची पडताळणी-खूण साठवून ठेवतो, त्यामुळे दहा वर्षांनीही फाईल शाबूत आहे की नाही हे तपासता येते. सातशे सीडींना तीनशे जीबीच्या आसपास जागा पुरते, म्हणजे एक टीबीची साधी डिस्क भरत नाही. अशा वेळी जागा वाचवण्यासाठी एमपी३ करण्याचे काही कारण उरत नाही.

एमपी३ टाळण्याचे आणखी एक कारण आपल्या संगीतात जास्त जाणवते. अनेक सीडींवर एकाच रागाचे विलंबित (संथ लयीतले) आणि द्रुत (जलद लयीतले) असे दोन ट्रॅक केलेले असतात, पण गायन मध्ये थांबलेले नसते. विलंबिताची शेवटची तान समेवर येते, तबलजी लय बदलून ठेका धरतो आणि नेमक्या त्याच क्षणी ट्रॅकचा आकडा बदलतो. एमपी३मध्ये आवाज ठरावीक लांबीच्या तुकड्यांत बांधला जातो आणि अखेरच्या तुकड्यात रिकामी जागा भरावी लागते. ती काढून टाकण्याची सोय आहे, पण सगळे प्लेअर ती पाळत नाहीत. तंबोरा क्षणभर तुटतो आणि समेची जागा घसरते. फ्लॅकमध्ये नमुन्यांची संख्या मूळ ट्रॅकइतकीच राहते, त्यामुळे प्लेअर ठीक असेल तर जोड कळतही नाही.

उतरवण्यासाठी मी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम वापरतो. प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचून दोन्ही वाचने जुळतात का, हे पाहण्याची सोय त्यात आहे आणि ती मी बंद करत नाही.

आता नोंदींकडे वळतो. संगणकावरची संगीतव्यवस्था अल्बम, कलाकार, गाणे या तीन खणांभोवती उभी आहे. आपल्याकडे ऐकणारा माणूस विचारतो ते वेगळेच: राग कोणता, ताल कोणता, लय कोणती, तबल्यावर कोण, संवादिनी की सारंगी, मैफल की स्टुडिओ, आणि साल कोणते. यांपैकी बहुतेक गोष्टींना तयार खणच नाही. सीडी घातल्यावर इंटरनेटवरच्या माहितीसाठ्यातून जे आपोआप उतरते, त्यात पहिल्या ट्रॅकचे नाव ‘राग मारवा’, दुसऱ्याचेही ‘राग मारवा’, ताल गायब आणि साथीदार गायब, असा प्रकार सर्रास आढळतो.

सालाचे उदाहरण घ्या. उस्ताद अमीर खाँसाहेब आपल्या इंदूरचे. १९७४ साली ते गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या मोजक्याच आहेत आणि आज सीडीवर मिळणारे पुष्कळसे गायन नभोवाणीच्या किंवा मैफलींच्या फितींवरून आलेले आहे. माहितीसाठा मात्र सालाच्या खणात सीडी ज्या वर्षी निघाली ते वर्ष भरतो. त्यामुळे खाँसाहेबांचे गायन संगणकावर १९९० नंतरच्या दशकांत जाऊन बसते आणि कालक्रमाने लावायला गेले तर त्यांच्या पुढच्या पिढीतील गायकाच्या नंतर येते. ध्वनिमुद्रणाचे साल आणि प्रकाशनाचे साल वेगवेगळ्या खणांत ठेवलेच पाहिजे. एकाच रागाची त्यांची निरनिराळी ध्वनिमुद्रणे असताना तर कोणते कोणते हे ओळखण्याचा दुसरा मार्गच राहत नाही.

ही सगळी माहिती सीडीबरोबरच्या पुस्तिकेत असते, अनेकदा बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर. म्हणून आवाजाबरोबरच पुस्तिकेचे प्रत्येक पान ३०० डीपीआयने स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावे, अशी माझी पद्धत आहे. मागच्या कव्हरवरचा कॅटलॉग क्रमांकही मी नोंदवतो, कारण एकच ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा निघालेले असते आणि क्रमांकाशिवाय ते ओळखता येत नाही.

मला तीन गोष्टींवर मते हवी आहेत. नोंदी देवनागरीत ठेवाव्यात की रोमनमध्ये? राग आणि ताल यांसाठी कोणते खण वापरावेत, जेणेकरून पुढे प्लेअर बदलला तरी ते वाया जाणार नाहीत? आणि ऐकण्यासाठी नेहमीचा संगणकच अ‍ॅम्प्लिफायरला जोडावा की त्यासाठी वेगळे छोटे यंत्र ठेवावे?

तंबोरा (इंदूर)

विषय चांगला मांडला आहे. नोंदींवर इतर लिहितीलच. मी उतरवण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण तिथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत सदोष फायलींवर होते.

संगणकाच्या फायली असलेली सीडी आणि संगीताची सीडी यांत एक मूलभूत फरक आहे. दोन्हींत एका खंडाला २,३५२ बाइट मिळतात. फायलींच्या सीडीत त्यांपैकी २,०४८ बाइटच मजकुराला दिलेले असतात आणि उरलेल्या जागेत खंडाचा पत्ता आणि चूक दुरुस्त करण्याची जादा तरतूद असते. संगीताच्या सीडीत सगळेच्या सगळे बाइट आवाजाला दिलेले असतात. दुरुस्तीची पहिली फळी दोन्हींत सारखी आहे, पण ती अपुरी पडली की संगीताच्या सीडीला दुसरा आधार नाही. प्लेअर अशा ठिकाणी आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरतो आणि आपल्याला ते बहुधा कळतही नाही. म्हणूनच उतरवताना दोनदा वाचून जुळवण्याला महत्त्व आहे.

अ‍ॅक्युरेटरिप ही सोय मात्र जरूर सुरू ठेवा. तीच सीडी जगात इतर कोणी उतरवली असेल तर त्यांच्या निकालाशी आपला निकाल ती ताडून पाहते. प्रत्येक ड्राइव्ह काही ठरावीक नमुने आधी किंवा नंतर वाचायला सुरुवात करतो. तो फरकही तिच्या यादीवरून भरून निघतो. आपल्या संगीताच्या पुष्कळ सीडी या साठ्यात नसतात. ‘सापडली नाही’ असा शेरा आला म्हणजे वाचन चुकले, असा अर्थ घेऊ नये. त्या वेळी दोन वाचनांचा मेळ हाच पुरावा धरावा आणि शक्य असेल तर दुसरे वाचन वेगळ्या कंपनीच्या ड्राइव्हवर करावे. एकच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो. क्यूटूल्स या प्रोग्रामचा असाच साठाही पाहून ठेवा. त्यात ताडून पाहण्याबरोबर दुरुस्तीची माहितीही साठवलेली असते, त्यामुळे तुमची सीडी त्यात असेल तर थोडे खराब वाचन झालेले ट्रॅक पूर्ववत करता येतात.

सीडी पुसण्याबद्दल: मऊ सुती कापड, लागलाच तर शुद्ध पाण्याचा थेंब, आणि हात नेहमी मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत. गोलाकार पुसल्याने पडलेला चरा माहितीच्या ओळीबरोबर जातो आणि दुरुस्तीच्या आवाक्याबाहेरचे सलग नुकसान करतो. टूथपेस्ट लावण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो कृपया कोणीही पाळू नये. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजू नाजूक असते. अ‍ॅल्युमिनियमचा थर छपाईच्या आणि लाखेच्या पातळ पापुद्र्याखालीच असतो, तर दुसऱ्या बाजूने त्याच्यावर एक मिलिमीटरहून जास्त जाडीचे पारदर्शक प्लॅस्टिक असते. छापील बाजूचा खोल चरा कोणत्याही उपायाने भरून येत नाही.

लोकमान्यनगर (इंदूर)

आपल्या कष्टांबद्दल पूर्ण आदर ठेवून एक शंका विचारतो. यांपैकी बहुतेक संगीत आता महिना शे-दोनशे रुपयांत इंटरनेटवरच्या प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांवर मिळते आणि काही सेवा सीडीच्या दर्जाचा आवाजही देतात. मग सातशे सीडी एकेक करून उतरवण्याचे श्रम कशासाठी घ्यायचे?

रामबागकर (इंदूर)

शंका योग्य आहे आणि मीही या सेवा वापरतो. नवीन कलाकार ऐकण्यासाठी त्या उत्तम आहेत. पण माझ्या संग्रहातल्या सीडी मी तिथे शोधून पाहिल्या तेव्हा तीन प्रकार आढळले. काही तिथे नाहीतच, विशेषतः लहान प्रकाशकांच्या. काही आहेत, पण वेगवेगळ्या सीडींमधले ट्रॅक एकत्र करून नव्या नावाने आलेल्या आहेत, त्यामुळे विलंबित एका संचात आणि द्रुत दुसऱ्यात गेले आहे. आणि ज्या पूर्ण आहेत, त्यांच्याबरोबर पुस्तिका नाही. तबल्यावर कोण आहे हे सांगणारे काहीच नाही. साथीदाराचे नाव पुसले जाणे मला फार खटकते. विलंबित झुमरा तालात ठेका तासभर न ढळता धरून ठेवणाऱ्या माणसाचे नाव गायकाच्या नावाशेजारी असायलाच हवे. शिवाय हक्कांचे करार बदलले की सेवेवरून संगीत निघून जाते आणि त्याबद्दल श्रोत्याला कोणी विचारत नाही.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरहून लिहीत आहे. माझ्याकडचा संग्रह याच मार्गाने गेला आहे, म्हणून तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांवर थोडे विस्ताराने लिहितो.

नोंदी देवनागरीत ठेवा. फ्लॅकमधील नोंदी युनिकोडमध्येच असतात, त्यामुळे साठवण्याची अडचण नाही. फक्त खणाचे नाव रोमन अक्षरांत असावे लागते. आतला मजकूर कोणत्याही लिपीत चालतो. एमपी३टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या दोन्ही प्रोग्राममध्ये देवनागरी व्यवस्थित दिसते. अडचण येते ती काही जुन्या यंत्रांच्या छोट्या पडद्यांवर, तिथे अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. मोबाइलवरून चालवणार असाल तर त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

खरी काळजी लेखनातल्या एकसारखेपणाची घ्यावी लागते आणि आपण मध्य प्रदेशातली मराठी माणसे असल्यामुळे ती दुप्पट घ्यावी लागते. सीडीच्या कव्हरवर हिंदी लेखन असते, आपण मराठीत लिहितो. कव्हरवर ‘मालकौंस’ असते, आपण ‘मालकंस’ लिहितो. कव्हरवर ‘तोड़ी’ असते, आपण ‘तोडी’ लिहितो. संगणकाच्या लेखी हे चार वेगळे राग आहेत. त्यातही नुक्ता असलेला ‘ड़’ दोन प्रकारे साठवता येतो: एकच जोडलेले अक्षर म्हणून, किंवा ‘ड’ आणि त्यानंतर वेगळा नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण जुन्या प्रोग्राममध्ये यादी करताना दोन वेगळे राग उमटतात आणि कारण कळत नाही. यावर माझा उपाय असा की रागांची आणि तालांची एक यादी आधी करून ठेवायची, प्रत्येक नावाचे एकच लेखन पक्के करायचे आणि नोंद करताना हाताने न टाइप करता त्या यादीतूनच उचलायचे. कव्हरवरचे मूळ लेखन टिपणीच्या खणात जसेच्या तसे राहू द्यावे.

कलाकाराच्या नावाबाबत ‘पं.’, ‘उस्ताद’, ‘विदुषी’ या उपाधी नावाच्या खणात घालू नका, नाहीतर निम्मा संग्रह ‘प’ या अक्षराखाली जमा होतो. उपाधी दिसायलाच हव्या असतील तर अनुक्रमासाठी वेगळा खण असतो, त्यात उपाधीविना नाव द्यावे.

आता राग-तालाचे खण. स्वतःच्या नावाचा नवा खण फ्लॅकमध्ये खुशाल करता येतो आणि विंडोजवरील फूबार२००० हा प्लेअर तो दाखवतो, त्यावरून शोधही घेतो. पण तुम्ही पुढे लिनक्सच्या छोट्या यंत्रावर गेलात, तर तिथले अनेक प्लेअर म्युझिक प्लेअर डेमन या प्रोग्रामवर उभे असतात आणि त्याची खणांची यादी ठरलेली आहे. तुमचा स्वतःचा खण तो वाचत नाही. त्याच्या यादीत रचना, वादक-साथीदार (परफॉर्मर), समूह (ग्रुपिंग) असे खण आहेत. म्हणून मी राग ‘समूह’ या खणात ठेवतो, साथीदार ‘परफॉर्मर’ या खणात आणि प्रत्येक साथीदाराला वेगळी ओळ देतो, कारण फ्लॅकमध्ये एकच खण हवा तितक्या वेळा वापरता येतो. ताल आणि लय ट्रॅकच्या नावातच लिहितो: ‘मारवा, विलंबित झुमरा’ असे. स्वतःचे वेगळे खणही भरून ठेवतो, म्हणजे उद्या चांगला प्लेअर मिळाला तर माहिती तयार असेल.

फायलीच्या नावाबद्दल एक तांत्रिक मर्यादा लक्षात ठेवा. लिनक्समध्ये सर्वसाधारणपणे फायलीचे नाव २५५ बाइटांपर्यंत असू शकते आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवावे लागते. राग, ताल, गायक, साथीदार सगळे फायलीच्या नावात कोंबले की विंडोजवर ते चालते आणि दुसऱ्या यंत्रावर नेताना कॉपी अडते. फायलीचे नाव ‘०१ मारवा विलंबित’ एवढेच ठेवावे, बाकी सगळे नोंदींत.

सुदामानगरची श्रोती (इंदूर)

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या वडिलांनी घरगुती मैफलींच्या कॅसेटवरून एका ओळखीच्या दुकानदाराकडून सीडी करून घेतल्या होत्या. त्या विकत घेतलेल्या सीडींसारख्या चंदेरी नसून खालून निळसर-हिरव्या दिसतात आणि काहींवर कागदी लेबल चिकटवलेले आहे. मूळ कॅसेट आता नाहीत. काही सीडी सुरुवातीला नीट वाजतात, पण शेवटाकडे अडकतात. यांचेही असेच करावे का?

तंबोरा (इंदूर)

ताई, तुमच्या सीडी सगळ्यांत आधी उतरवायला हव्यात. विकतच्या सीडीत खड्डे साच्यातून उमटवलेले असतात. तुमच्याकडच्या सीडीत माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात लेझरने जाळून लिहिलेली आहे आणि तो थर ऊन, उष्णता यांनी कालांतराने खराब होतो. आपल्याकडचा मे महिना त्याला मानवत नाही. विकतची सीडी दुसरीकडून मिळू शकते, घरच्या मैफलीची दुसरी प्रत कुठेच नाही.

सीडी मध्यापासून बाहेरच्या दिशेने लिहिली जाते, त्यामुळे शेवटचे ट्रॅक कडेजवळ असतात. हाताळणीचा, हवेचा आणि लेबलाचा त्रास कडेला जास्त पोचतो, म्हणून शेवट अडकतो. चिकटवलेले कागदी लेबल काढायचा प्रयत्न अजिबात करू नका. त्याच्याबरोबर परावर्तक थरही निघून येतो. वाचनाचा वेग कमीत कमी ठेवा, कारण लेबलामुळे सीडीचा तोल थोडा बिघडलेला असतो आणि जास्त वेगात ती थरथरते. एका ड्राइव्हने नकार दिला तर दुसरा वापरून पाहा. डेस्कटॉप संगणकातले जुने मोठे ड्राइव्ह अशा सीडी अनेकदा लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा चांगल्या वाचतात. अशा सीडी कोणत्याही साठ्यात सापडणार नाहीत, म्हणून दोन वाचनांचा मेळ हाच आधार.

खरखर कमी करण्याचे प्रोग्राम मिळतात, पण मूळ प्रतीवर ते चालवू नका. फितीच्या सुसकाऱ्याबरोबर तंबोऱ्याचे वरचे स्वर आणि श्वासाचा आवाजही जातो. ऐकण्यासाठी हवी तर वेगळी स्वच्छ प्रत करावी. कॅसेटचा वेग चुकल्यामुळे पट्टी वर-खाली झालेली असू शकते. तेही वेगळ्या प्रतीतच सुधारावे आणि तसे टिपणीत लिहून ठेवावे.

विजयनगरचा रसिक (इंदूर)

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण त्यात मी बरेच प्रयोग केले आहेत.

वेगळे छोटे यंत्र ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डेस्कटॉप संगणकाचा पंखा आलापाच्या वेळी ऐकू येतो, एवढे एक कारणही पुरेसे आहे. रास्पबेरी पायसारखे तळहाताएवढे यंत्र, त्यावर मूड किंवा पाय-कोअर-प्लेअर यांपैकी एक संगीत वाजवणारी प्रणाली, आणि त्याला यूएसबीने जोडलेला डॅक (अंकीय आवाजाचे अ‍ॅम्प्लिफायरला लागणाऱ्या विद्युत्-संकेतात रूपांतर करणारे यंत्र), एवढ्यात काम होते. नियंत्रण मोबाइलवरून करता येते. पायच्या स्वतःच्या हेडफोन-जोडणीवर विसंबू नका. तिचा आवाज सामान्य दर्जाचा आहे आणि पाय ५मध्ये ती जोडणीच दिलेली नाही.

विंडोजवरूनच ऐकायचे असेल तर एक खबरदारी घ्या. विंडोज सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करून ठरलेल्या एकाच दराने बाहेर पाठवते आणि तो दर पुष्कळदा ४८,००० असतो. म्हणजे सीडीचे ४४,१०० नमुने वाटेत बदलले जातात. फूबारमध्ये वासापी या विंडोजच्या आवाज-मार्गाचा एकाधिकार (एक्सक्लुझिव्ह) प्रकार निवडला की फाईल जशी आहे तशी डॅकपर्यंत पोचते. याउलट फायली मुद्दाम २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ करून ठेवण्यात काही लाभ नाही. मूळ सीडीत नव्हते ते त्यात येत नाही, फक्त जागा कित्येक पटींनी वाढते.

आता घरोघरी येणारी तक्रार: संगणक जोडला की अ‍ॅम्प्लिफायरमधून घूं असा आवाज येतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहा. घूं थांबली तर अर्थिंगच्या दोन वाटा एकमेकींत अडकल्या आहेत, असे समजावे. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवल्याने बऱ्याचदा ती जाते. तेवढ्याने गेली नाही तर डॅकला ऑप्टिकल तारेने जोडा. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे ती वाटच तुटते. प्लगची जाड अर्थ-पिन काढून टाकण्याचा उपाय काही इलेक्ट्रिशियन सुचवतात. तो जिवावर बेतू शकतो, तो करू नये.

वेगवेगळ्या सीडींचा आवाज कमी-जास्त असतो, त्यासाठी रिप्लेगेन वापरावे. त्यात आवाजाला हात न लावता किती कमी-जास्त करायचे तो आकडा फक्त नोंदीत लिहिला जातो. मात्र आकडा संपूर्ण अल्बमचा वापरावा. ट्रॅकचा वापरला तर विलंबित आणि द्रुत दोन्ही एकाच पातळीवर येतात आणि गायकाने राखलेली चढण सपाट होते.

लोकमान्यनगर (इंदूर)

माझी शंका फिटली आहे आणि आता मीही सुरुवात करणार आहे. उतरवून झाल्यावर सीडी विकून टाकल्या तर जागा मोकळी होईल का, असा घरून प्रश्न आहे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

विकू नयेत. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये खासगी किंवा व्यक्तिगत उपयोगासाठी केलेल्या वाजवी वापराला सूट आहे. आपल्याजवळच्या सीडीची स्वतःपुरती प्रत करणे त्या सुटीत बसते, असे मी समजतो. सीडी विकून प्रत जवळ ठेवणे त्या भावनेला धरून नाही. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. सीडी हीच सगळ्यांत टिकाऊ राखीव प्रत आहे. प्लॅस्टिकच्या डब्या काढून सीडी, पुस्तिका आणि मागचे कव्हर पातळ पाकिटांत ठेवले तर जागा कितीतरी कमी लागते. पाकिटे सीडीच्या पृष्ठभागाला चिकटणाऱ्या मऊ पीव्हीसीची नसावीत आणि ती उभी ठेवावीत.

राखीव प्रतीबद्दलही सांगतो. दोन डिस्क एकत्र चालवून एकीचे प्रतिबिंब दुसरीत ठेवणारी व्यवस्था म्हणजे राखीव प्रत नव्हे; चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. कपाटात न जोडलेली एक वेगळी हार्ड डिस्क ठेवावी आणि आणखी एक दुसऱ्या गावी, मुलाकडे किंवा भावाकडे. वर्षानुवर्षे वीज न देता ठेवायची असेल तर एसएसडीपेक्षा फिरती हार्ड डिस्क बरी. वर्षातून एकदा जोडून फ्लॅकची पडताळणी सगळ्या फायलींवर चालवावी, फक्त डिस्क उघडते आहे एवढे पाहून समाधान मानू नये.

रामबागकर (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. राग ‘समूह’ खणात, साथीदार वेगवेगळ्या ओळींत, ध्वनिमुद्रणाचे साल मुख्य खणात आणि सीडीचे प्रकाशन-वर्ष कॅटलॉग क्रमांकाबरोबर, अशी रचना मी नक्की करत आहे. रागांची आणि तालांची प्रमाण यादी मराठी लेखनानुसार करून या धाग्यात देईन. शेजारी हिंदी कव्हरवरचे प्रचलित रूपही देईन, म्हणजे ग्वाल्हेर, देवास, जबलपूरकडच्या मंडळींना ती थेट वापरता येईल. जोडरागांच्या नावांत कोणता राग आधी लिहायचा, यावर मात्र मला अजून मते हवी आहेत, कारण शोध घेताना त्याने फरक पडतो.

सुदामानगरची श्रोती (इंदूर)

तंबोरा यांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हवर, कमी वेगात, वडिलांच्या बऱ्याचशा सीडी शेवटपर्यंत वाचून झाल्या. एका सीडीचा अखेरचा ट्रॅक मात्र दोन्ही वेळा वेगळा उतरतो आहे. आणखी एक अडचण आहे. एका सीडीच्या पाकिटावर वडिलांच्या अक्षरात फक्त ‘गणेशोत्सव, रामबाग, पूरिया’ एवढेच लिहिले आहे. साल नाही आणि तबल्यावर कोण होते तेही नाही. घरात कोणी म्हणते १९८२, कोणी म्हणते त्यानंतरचे. सालाच्या खणात काय भरावे?

तंबोरा (इंदूर)

जो ट्रॅक जुळत नाही त्याची दोन्ही वाचने ठेवा, एकही पुसू नका. कोणत्या ठिकाणी फरक आहे हे प्रोग्राम दाखवतो आणि बहुधा तो काही सेकंदांपुरताच असतो, तेव्हा दोन्हींतला चांगला भाग जोडून ऐकण्याची प्रत करता येईल.

सालाचा खण रिकामा ठेवा. अंदाजाचे साल एकदा खणात गेले की पुढे त्याला कोणी अंदाज म्हणत नाही. पाकिटावरची ओळ वडिलांनी लिहिली तशीच टिपणीत उतरवा, पाकिटाचा फोटो फोल्डरमध्ये ठेवा आणि घरच्यांची मते कोणी काय सांगितले या तपशिलासह वेगळ्या ओळीत लिहा. रामबागेतल्या त्या काळच्या उत्सवाची छापील कार्यक्रमपत्रिका कोणाकडे निघाली तर साल आणि तबलजी दोन्ही कळतील; रामबागकर, आपण तिथलेच आहात, जुन्या कार्यकर्त्यांकडे आपण चौकशी करू शकाल का?

रामबागकर (इंदूर)

अवश्य करतो. ताई, पाकिटाचा फोटो आणि गायनाची पहिली दोन मिनिटे मला पाठवा. गायकाचा आवाज ओळखणारी दोन वयस्क मंडळी अजून आमच्या गल्लीत आहेत. त्यांना या रविवारीच ऐकवतो.